पुसणाऱ्याचं नाव

सिंगापुरात, आमच्या बिशानच्या घरात चपलांच्या कपाटावर सात नासपती होत्या. पिठाच्या डब्यावर कोंबडा होता, इस्त्रीच्या टेबलाच्या पायांवर वेली चढल्या होत्या आणि बाथरूमच्या दाराच्या आतल्या बाजूला एक जाडजूड उघडी बाई पाठमोरी बसून पाय धूत होती. पाहुणे येणार असले की आई त्या दारावर मोठा टॉवेल वाळत घालायची. यातलं काहीही आमच्यापैकी कोणी मागितलेलं नव्हतं. हे सगळं शेजारच्या दारातून आलं होतं. शेजारी बेरिल आणि कीथ भाड्याने राहत. दोघं इंग्लंडचे, दोघं चित्रकार, दोघंही साठीच्या आसपासचे. जुरोंग ईस्टच्या एका इंटिरियर कंपनीने त्यांना पासवर, म्हणजे कामाच्या परवान्यावर, इथे आणलं होतं, हॉटेलांच्या लॉबीत आणि महागड्या रेस्टॉरंटांत भिंतभर फळं, मासे आणि फुलदाण्या रंगवायला. त्यांच्या स्वतःच्या घराच्या भिंती मात्र मालकाने पांढऱ्या दिल्या होत्या आणि पांढऱ्याच परत हव्या होत्या, तसं करारात लिहिलेलं होतं. त्यामुळे दिवसभर रंगवूनही ज्यांचा हात शमत नाही अशा दोन माणसांना घरी रंगवायला काहीच उरलं नाही, आणि ती आमच्याकडे वळली.

आत्मचरित्र लिहायचं ते दात पडल्यावर, असा आपल्याकडे रिवाज आहे. तोवर ज्यांच्याबद्दल लिहायचं ती माणसं गेलेली असतात आणि लिहिणाऱ्याला सगळ्यांची, विशेषतः स्वतःची, दया यायला लागलेली असते. मला तेवढं थांबायचं नाही. मी अठ्ठावीस वर्षांची आहे आणि मला अजून कोणाचीच दया आलेली नाही. ज्या दोन-अडीच वर्षांबद्दल मी इथे लिहिते आहे तेव्हा मी पंधरा ते सतरा वर्षांची होते, आणि दया हा शब्द मला शिवीसारखा वाटायचा. तो अजूनही थोडा तसाच वाटतो.

घरात आई आणि मी. बाबा जहाजावर इंजिनियर. चार-चार महिने ते समुद्रात असत आणि परत आले की पहिले तीन दिवस घरातले सगळे नळ तपासत. आई घरी गणिताच्या शिकवण्या घ्यायची. दुपारी हॉलमध्ये सहा चिनी पोरं माना खाली घालून अपूर्णांक सोडवत बसलेली असायची, वरच्या मजल्यावरून माहजाँगच्या सोंगट्यांचा खळखळाट यायचा, आणि शेजारून बेरिलच्या लाकडी तळव्यांच्या चपलांचा टॉक टॉक. त्यातच टर्पेंटाइनचा वास. आईच्या फोडणीचा वास कॉरिडॉरमधून त्यांच्याकडे जायचा आणि त्यांचा टर्पेंटाइन आमच्याकडे यायचा. सुरुवातीला त्या दोघांशी आमचा एवढाच व्यवहार होता.

मग एक दिवस आईने त्यांना साबुदाण्याची खिचडी दिली आणि सगळं बिघडलं. कीथने प्लेट खिडकीजवळ नेऊन उजेडात धरली, साबुदाणे बघितले, आणि हे कशाने असे पारदर्शक होतात असं विचारलं. आईला आयुष्यात कोणी खिचडीबद्दल इतका गंभीर प्रश्न विचारला नव्हता. ती विरघळली. त्यानंतर शनिवारी दोघं आमच्याकडे जेवायला यायचे ते ठरूनच गेलं. बेरिल थालीपिठावर मार्मालेड लावायची. मी ते बघत बसायचे आणि मनात म्हणायचे, बघा, साम्राज्य गेलं तरी सवय जात नाही. बेरिल मला केट म्हणायची. माझं नाव तीन अक्षरांचं आहे, त्यातलं दीडच तिला पेलत होतं. कीथ निदान पूर्ण नाव घ्यायचा, ‘केटकी’ म्हणून, आणि मला तेही खपायचं नाही.

“नवरा-बायको नाहीत ते,” आई एकदा गवार मोडता मोडता म्हणाली. “मी विचारलं.”

“सरळ विचारलंस?”

“आडून विचारलं. म्हटलं, लग्नाला किती वर्षं झाली. तर ती म्हणाली, कोणाच्या?”

“मग आहेत कोण एकमेकांचे?”

“तीस वर्षं एका भिंतीवर काम करतायत म्हणे.” आईने गवारीची शीर ओढली. “आपल्यात याला काय म्हणतात मला माहीत नाही. मंडळात कोणाला सांगू नकोस.”

मंडळात अर्थातच सगळ्यांना माहीत होतं. सिंगापुरातल्या मराठी माणसाला पासाची मुदत आणि शेजाऱ्याचं लग्न या दोन गोष्टी झोपेतही माहीत असतात.

आणि मग देव्हारा. आमचा देव्हारा साधा, बिननक्षीचा, लाकडी रंगाचा होता. कीथ आठवडाभरासाठी तो घेऊन गेला आणि परत आणला तेव्हा तो आतून गडद निळा झालेला होता. कमानीवर आंब्याची पानं होती, पण कीथने आंब्याचं झाड जवळून बघितलेलं असावं, कारण प्रत्येक पान वेगळं वळलेलं होतं. आईला तो मनापासून आवडला. तिने समई लावली, देव ठेवले, फोटो काढून बाबांना जहाजावर पाठवला. चार दिवसांनी ती बेरिलकडे वाटी परत करायला गेली तर ओट्यावर अंड्यांची टरफलं रांगेने मांडलेली. बेरिलने अभिमानाने सांगितलं की बारीक वस्तूंना आम्ही बाजारचा रंग लावत नाही, भुकटीत अंड्याचा बलक घोटतो, जुनी पद्धत आहे, शेकडो वर्षं टिकतो. तुमचा देव्हाराही तसाच केलाय.

आई म्हणाली, “व्हेरी नाइस. व्हेरी स्ट्राँग कलर.”

घरी आली, आंघोळ केली, देव उचलून काचेच्या कपाटात नेऊन ठेवले आणि रिकाम्या देव्हाऱ्यात काय ठेवायचं याचा विचार करत उभी राहिली. शेवटी वायफायचं राउटर ठेवलं. पुढची दोन वर्षं निळ्या कमानीखाली राउटरचे हिरवे दिवे लुकलुकत होते. कीथला वाटायचं की आमच्यात असंच करतात. त्या कोपऱ्याजवळून जाताना तो आवाज खाली आणायचा. त्याला खरं सांगण्याची हिंमत आमच्यापैकी कोणी केली नाही, आणि पुढे मी जे केलं ते बघता ही एक गोष्ट तरी आम्ही झाकली याचं मला बरं वाटतं.

त्यांचं काम मी रोज बघत होते, कारण उकाड्यामुळे त्यांचं दार सताड उघडं असायचं आणि लिफ्टकडे जायचा रस्ता त्यांच्या दारावरून होता. हॉलभर दारांएवढे मोठे लाकडी फळे उभे असत. ते इथे रंगवायचे आणि नंतर नेऊन भिंतीवर ठोकायचे. बेरिल रंगवायची. ती जाड ब्रश घेऊन, स्टुलावर चढून, उतरून, मागे जाऊन, परत पुढे येऊन, घामाने ओली होईपर्यंत रंगवत असायची. कीथ मागे खुर्चीत बसलेला असायचा, हातात फडकं. ते फडकं म्हणजे बाबांचा जुना गंजीफ्रॉक. कीथला तो कपडा फार पसंत होता आणि आई दर वेळी चार-पाच जुने गंजीफ्रॉक धुऊन त्याला द्यायची. तर हा गृहस्थ तासभर बसून बघणार, मग हळूच उठणार आणि बेरिलने दुपारभर राबून केलेलं एक अख्खं फळ, कधी दोन फळं आणि अर्धा टेबल, गंजीफ्रॉकने पुसून टाकणार. ओल्या रंगावरून कपड्याचा चर्र असा आवाज यायचा. बेरिल कमरेवर हात ठेवून बघायची आणि परत ब्रश उचलायची. आणि कंपनीच्या कागदावर नाव काय, तर ‘कीथ आणि बेरिल’. त्याचं आधी.

हे बघून माझ्या अंगाची लाही लाही व्हायची. त्यात मी ठरवून टाकलं होतं की कीथ पितो. त्याचा हात कापायचा, तो कप दोन्ही हातांनी धरायचा, दुपारी त्याचं बोलणं संथ व्हायचं. आई त्याला चहा नेहमी अर्धा कप द्यायची. मला वाटायचं, तिलाही तो आवडत नसणार, आणि कंजूषपणा करून ती आपल्या परीने निषेध करते आहे.

त्याच वर्षी मी परदेशी कामगारांसाठी काम करणाऱ्या एका छोट्या गटात जायला लागले होते. रविवारी सकाळी वुडलँड्सला एका खोलीत आम्ही जमायचो. बांधकामावरचे लोक येत, घरकाम करणाऱ्या बायका येत, आपापले कागद पुढे ठेवत, आणि आम्ही ते वाचून त्यांना त्यांचे हक्क समजावून सांगायचो. माझं काम पत्रकं लिहिण्याचं. ते शिकवलं मला तिथल्या एका मोठ्या बाईने, आणि तिचा नियम सोपा होता: एक पान, एक अन्याय, एक मागणी. दुसरा अन्याय आठवला तर त्याचं दुसरं पत्रक. पत्रकात ‘कदाचित’ हा शब्द चालत नाही आणि ‘परंतु’ असलेलं वाक्य कोणी वाचत नाही. मी चांगली शिष्या होते. आजही लोक मला विचारतात की इतकं धारदार कसं लिहिता. सोपं आहे. जे कळलेलं नाही ते सगळं गाळायचं.

सतराव्या वर्षी हातात कोयता आला की माणूस पहिल्यांदा घरातलीच केळ तोडतो. मी शेजारच्या दारातलं शोषण कागदावर उतरवायला बसले. चांगले दोन आठवडे मी जाता-येता वेळ टिपली: ती किती वेळ उभी, तो किती वेळ बसलेला, तिने काय काढलं, त्याने काय पुसलं. मग लिहिलं, इंग्रजीत, कारण अन्याय इंग्रजांचा होता. पत्रकाचं शीर्षक होतं ‘कष्ट एकीचे, नावं दोघांची’. बेरिलचं नाव घातलं नाही, कीथचंही नाही, एवढी अक्कल होती. ‘आपल्या शहरातल्या भिंती सजवणारी एक जोडी’ असं लिहिलं. त्यात एक परिच्छेद चपलांच्या कपाटावरच्या नासपतींसारख्याच एका नासपतीवर होता. त्या वेळी त्यांच्या फळ्यावर उजवीकडे खाली एकुलती एक नासपती होती, निम्मी सावलीत. मी लिहिलं की ही नासपती एका स्त्रीने उभं राहून, पाठ दुखत असताना काढली, आणि तिच्या पलीकडे बसलेल्या पुरुषाने त्या वेळात फक्त पुसण्याचं काम केलं. शेवटी मागणी: ज्या हाताने काम केलं त्याच हाताचं नाव पाटीवर लागावं.

छापून घरी आणलं तेव्हा आईने एक प्रत वाचली. ती इंग्रजी हळू वाचते, ओळीखाली बोट ठेवून.

“तिने सांगितलंय तुला हे लिहायला?”

“सांगायला कशाला हवं? दिसतंय ना.”

“तिला विचारलंस का?”

“आई, ज्याच्यावर अन्याय होतो त्याला तो कळतोच असं नाही.”

“अस्सं,” आई म्हणाली. “मग तुला बरा कळला.” आणि पत्रकाची घडी घालून तिने ती पिठाच्या डब्याखाली ठेवली, लाइट बिलासारखी. यापेक्षा जास्त ती बोलली नाही. ती तेव्हाच बोलली असती तर, असं मी पूर्वी म्हणायचे. आता म्हणत नाही. मी ऐकलं नसतं.

तो फळ्यांचा संच जुरोंग ईस्टच्या एका नव्या रेस्टॉरंटसाठी होता, आणि त्यातले तयार झालेले दोन फळे गिऱ्हाइकाला दाखवायचा एक छोटा समारंभ कंपनीच्या ऑफिसात ठेवलेला होता. बेरिलने आम्हाला आवर्जून बोलावलं होतं. पत्रकं रस्त्यावर वाटायची तर इथे दहा वेळा विचार करावा लागतो. ऑफिसातल्या खुर्च्यांवर ठेवायला काही लागत नाही. मी लवकर गेले आणि चाळीस खुर्च्यांवर चाळीस पत्रकं ठेवली.

कंपनीचा मॅनेजर पराग पुण्याचा. मंडळाच्या कार्यक्रमात निवेदन करायचा आणि प्रत्येक वाक्याला स्वतःच हसायचा. त्याने पहिल्या रांगेतलं पत्रक उचललं, वाचलं, माझ्याकडे बघितलं. मला वाटलं हा आता भडकणार. तो जवळ येऊन हळूच म्हणाला, “केतकी, हे तू लिहिलंस? फार बोल्ड आहे गं. प्राउड ऑफ यू.” मग खिशातून फोन काढून त्याने पत्रकाचा फोटो घेतला. गिऱ्हाइकाच्या बायकोने दोन वेळा वाचलं आणि बेरिलशी जाऊन प्रेमाने हात मिळवला. कीथकडे कोणी गेलं नाही. तो एका खुर्चीत बसला होता, पत्रक मांडीवर, आणि ते कापत होतं. मला वाटलं, लाजेने.

घरी येताना एमआरटीत मी इतकी खूश होते की बिशानचं स्टेशन चुकलं.

पंधरा दिवसांनी बेरिल आमच्या दारात उभी राहिली. आत आली नाही. चपलांच्या कपाटाला टेकली.

“केट, तू चांगलं लिहितेस,” ती म्हणाली. तिचा आवाज नेहमीचाच होता. “कंपनीने कीथच्या पासाचा पुढचा अर्ज करायचा नाही असं ठरवलंय. महिनाअखेर त्याला जावं लागेल.”

मी म्हटलं, “कशामुळे?”

“अर्जात लिहावं लागतं की हा माणूस काय काम करतो. आता त्यांच्याकडे एक कागद आहे, त्यात लिहिलंय की तो काहीच करत नाही. परागला तो कागद आवडला. त्याला त्याच्या साहेबाला उत्तर द्यायचं असतं. कीथला पार्किन्सन्स आहे. वर्षभर झालं. ब्रश धरता येत नाही त्याला. फडकं धरता येतं.”

आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती. मी तिच्याकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं.

“तुला माहीत होतं?” मी मराठीत विचारलं.

“मग अर्धा कप चहा का देत होते मी त्याला इतके दिवस?” आई म्हणाली. “भरलेला सांडतो.”

मी जे बोलू नये ते तेव्हा बोलले. म्हणजे मी वाद घातला. म्हटलं, आजारपण वाईट आहे, मला माहीत नव्हतं, सॉरी, पण तरी काम तुम्हीच करत होतात, तो पुसतच होता, मी डोळ्यांनी बघितलंय.

बेरिल हसली नाही. रागावलीही नाही. तिने चपलांच्या कपाटावरच्या एका नासपतीवरची धूळ अंगठ्याने पुसली.

“तू ज्या नासपतीबद्दल लिहिलंस ना,” ती म्हणाली, “तिथे मी अकरा काढल्या होत्या. दहा त्याने पुसल्या. ती एक त्याने ठेवली.” आणि मग, जणू भाजीचा भाव सांगावा तसं, “मला थांबता येत नाही, केट. मला कधीच थांबता आलं नाही. पूर्वी आम्ही दोघंही काढायचो आणि दोघंही पुसायचो. आता त्याच्याकडे फक्त अवघड काम राहिलंय.”

ती गेली. टॉक टॉक.

मी कामगारांचे पास वाचायला शिकले होते. कोणत्या रंगाच्या कार्डावर काय लिहिलेलं असतं, मालकाने एक ओळ लिहिली नाही तर माणसाचं काय होतं, हे मी रविवारी इतरांना समजावून सांगत होते, तळव्यावर मूठ आपटून. गोऱ्या माणसालाही पास लागतो हे मला एकदाही सुचलं नव्हतं. तो मला इथला मालक वाटायचा. माझ्या शेजारी एक आजारी, म्हातारा, परदेशी कामगार राहत होता आणि दर शनिवारी आमच्याकडे जेवत होता, आणि मी त्याच्याविरुद्ध पत्रक काढलं. हे वाक्य मी पुढे कुठल्याही भाषणात वापरलेलं नाही. टाळ्या मिळतील अशी मला भीती वाटते.

मी परागला भेटायला गेले. त्याने मला कोपी, म्हणजे इथली कॉफी, पाजली आणि समजावलं. “हे बघ, माझ्या हातात असतं तर मी केलं असतं. पण तुझं पत्रक क्लायंटने वाचलंय, साहेबांनी वाचलंय. उद्या कोणी विचारलं की या माणसाला कशासाठी ठेवलाय, तर मी काय सांगू? बसून बघतो म्हणून?”

“हो. बसून बघतो. तेच काम आहे. मी लिहून देते.”

“तूच लिहिलं होतंस की काम नाहीये.”

“मला कळलं नव्हतं.”

“मग मला कसं कळणार, सांग.” त्याने ग्लास फिरवला. “मीही पासवरच आहे गं.”

हा माणूस मला आजही किळसवाणा वाटतो, आणि त्या दिवशी तो बोलला त्यातलं एकही वाक्य मला खोडता आलेलं नाही. मी दुसरं पत्रक लिहिलं. पुसणं हे श्रम आहेत, असं. ते तीन पानांचं झालं, त्यात ‘परंतु’ सात वेळा आलं, आणि वुडलँड्सच्या बाईने ते वाचून परत दिलं. इथल्या लकबीत म्हणाली, “हे कोणी वाचणार नाही, लाह.” कोणी वाचलं नाही.

कीथ जायच्या आधीच्या शनिवारी दोघं जेवायला आले. आईने खिचडी केली. कीथला चमच्याने त्रास होतो म्हणून तिने स्वतःसकट सगळ्यांना हातानेच खायला सांगितलं, जणू हीच आमची पद्धत. कीथ नीट जेवला. जेवण झाल्यावर मी त्याच्यासमोर बसले आणि माफी मागितली, पाठ केलेली, चांगली आठ-दहा वाक्यांची. तो शेवटपर्यंत ऐकत राहिला.

“केटकी,” तो म्हणाला, “दुसरं वाक्य ठेव. बाकीची काढून टाक.”

दुसरं वाक्य ‘माझी चूक झाली’ एवढंच होतं. मी ते परत म्हटलं. त्याने मान हलवली आणि आईकडे उरलेल्या खिचडीची चौकशी केली.

बेरिलने त्याच्याबरोबर जावं असं आम्हा सगळ्यांना वाटत होतं, कारण आपल्याला दुसऱ्याच्या आयुष्यात शेवट हवा असतो. ती गेली नाही. कीथ इंग्लंडला बहिणीकडे राहणार होता, तिथे एकच जादा खोली होती, आणि रेस्टॉरंटचे आठ फळे अजून कोरे होते. ते कंपनीने तिच्याकडून घेतल्याशिवाय तिला सोडलं नसतं. पहिले काही दिवस ती संध्याकाळी फोन टेबलावर उभा करून फळा कीथला दाखवायची. तिकडे सकाळ असायची. तो “डावीकडे” म्हणायचा, ती पुसायची, चुकीचं पुसलं जायचं. फोनमधून त्याला रंग दिसायचा नाही आणि तिला त्याचं बोट दिसायचं नाही. पुढे ते फोन कमी झाले. शेवटचे फळे गेले तशी तीही गेली, घर जसं घेतलं होतं तसं पांढरं परत देऊन. पुढे वर्षभराने तिच्या पत्रातून कळलं की कीथ वारला. पत्र आईला होतं. मला त्यात ‘लव टू केट’ होतं.

त्या रेस्टॉरंटमध्ये मी बरीच वर्षं गेले नाही. गेल्या महिन्यात आईचा साठावा वाढदिवस झाला आणि तिने स्वतःच ते नाव काढलं. आत शिरल्यावर समोरची अख्खी भिंत दिसते. डावीकडचे दोन फळे आधीचे आहेत, समारंभात दाखवलेले. त्यात बरीच जागा मोकळी आहे, खाली ती एक नासपती आहे आणि बघताना श्वास लांब होतो. तिथून पुढे उजवीकडे आठ फळे. त्यात द्राक्षं आहेत, डाळिंबं आहेत, मासे, शंख, पोपट, निळ्या बाटल्या, पडद्यांच्या घड्या, बाटल्यांमागे आणखी बाटल्या, आणि नासपती, इतक्या की मोजायला मी सुरुवात केली आणि सोडून दिलं. एक बोटभर भिंत मोकळी नाही. लोक तिथे उभे राहून फोटो काढून घेत होते. सगळे उजवीकडे उभे राहत होते.

“सगळं ठेवलंय गं तिने,” आई म्हणाली.

आमची ऑर्डर घ्यायला आलेली मुलगी उत्साही होती. तिला वाटलं आम्हाला भिंत आवडली. तिने सांगितलं की एवढी मोठी भिंत एकाच बाईने रंगवलेली आहे, कोणाची मदत न घेता, आणि कोपऱ्यातली पितळी पट्टी दाखवली. पट्टीवर बेरिलचं नाव आहे, एकटीचं. आजवर मी किती पत्रकं लिहिली ते मला सांगता येणार नाही, पण त्यातली मागणी शब्दशः मान्य झाली असं पत्रक ते एकच.